मिसिंगचे निदान : स्पार्क प्लग टाकून देण्याआधी वाचावा

पेट्रोलवर चालणाऱ्या चार-स्ट्रोक इंजिनात क्रँकशाफ्टच्या दर दोन फेऱ्यांमागे प्रत्येक सिलिंडरमधील हवा आणि इंधन यांचे मिश्रण एकदा पेटावे लागते, म्हणजे मिनिटाला ६,००० फेरे या गतीला ही क्रिया सेकंदाला ५० वेळा आणि प्रत्येक वेळी ठरलेल्या क्षणीच घडावी लागते. या क्रमात एखाद्या वेळी मिश्रण पेटलेच नाही, किंवा पेटूनही अर्धवट जळाले, तर त्या घटनेला मिसफायर म्हणतात. गॅरेजमध्ये याच दोषाला ‘मिसिंग’ हा शब्द रूढ आहे. गाडी झटके देते, चढावर दम सोडते, सायलेन्सरमधून मध्येच फटफट आवाज येतो, न जळलेल्या पेट्रोलचा वास येतो आणि एव्हरेज घसरते, ही त्याची नेहमीची लक्षणे होत.

या तक्रारीवर सर्वत्र होणारा पहिला उपाय म्हणजे स्पार्क प्लग बदलणे. तो स्वस्त असतो, सहज हाताशी येतो आणि बहुतेक वेळा बदलल्यावर गाडी लगेच सुधारतेही. पण काही दिवसांत तेच झटके पुन्हा सुरू होतात, कारण काळा पडलेला प्लग हा अनेकदा मूळ दोष नसून दुसरीकडे असलेल्या दोषाचा परिणाम असतो. ज्वलनकक्षात टोक उघडे असलेला आणि सहज काढून पाहता येणारा हा भाग असल्याने आत काय घडते आहे याची नोंद त्याच्याच अंगावर उमटते, आणि ती नोंद न पाहता प्लग फेकून देणे म्हणजे हातात आलेला पुरावा नष्ट करणे होय. पुढील विवेचन मुख्यतः मोटारसायकल आणि स्कूटर यांना धरून केले आहे, कारण महाराष्ट्रातील बहुसंख्य वाहनधारकांचा या दोषाशी संबंध तेथेच येतो. मोटारी, रिक्षा आणि सीएनजीवरील वाहने यांचा विचार जेथे वेगळा होतो तेथे तसे सांगितले आहे.

ठिणगी कशी पडते आणि कशी हरवते

बॅटरीचे १२ व्होल्ट प्लगच्या दोन टोकांमधील फटीत ठिणगी पाडण्यास अगदीच अपुरे असतात; त्यासाठी साधारण १० ते २५ हजार व्होल्ट लागतात आणि हा विद्युतदाब निर्माण करण्याचे काम इग्निशन कॉइल करते. कॉइलमध्ये तांब्याच्या तारेचे थोडे वेढे असलेले प्राथमिक आणि हजारो वेढे असलेले दुय्यम असे दोन गुंडाळे असतात. प्राथमिक गुंडाळ्यातील प्रवाह अचानक तोडला की दुय्यम गुंडाळ्यात उच्च व्होल्टेज उमटते. बऱ्याच दुचाकींमधील सीडीआय या पेटीत याहून थोडी वेगळी पद्धत वापरलेली असते, ती अशी की एका कपॅसिटरमध्ये आधी काहीशे व्होल्टचा भार साठवून तो योग्य क्षणी एकदम कॉइलमध्ये सोडला जातो. तो क्षण कोणता हे ठरवण्यासाठी मॅग्नेटच्या चाकाजवळ एक छोटी पिकअप कॉइल बसवलेली असते, जिला अनेक मेकॅनिक पल्सर कॉइल म्हणतात. कॉइलपासून उच्च व्होल्टेज वाहून नेणारी एचटी वायर, वायरच्या टोकाला प्लग कॅप आणि कॅपखाली प्लग अशी ही साखळी आहे, आणि तिच्यातील कोणत्याही कडीतील दोष चालकाला मिसिंग याच एका रूपात जाणवतो.

प्लग खराब होणे म्हणजे नेमके काय होते, हे येथे नीट समजून घेतले पाहिजे, कारण निदानाचा सारा डोलारा त्यावर उभा आहे. प्लगच्या मध्यभागी असलेला इलेक्ट्रोड पांढऱ्या सिरॅमिकच्या नळीत बसवलेला असतो आणि ही नळी त्याला बाहेरच्या धातूच्या कवचापासून विद्युतदृष्ट्या वेगळे ठेवते. कॉइलमधील व्होल्टेज वाढत जाते आणि फटीतील वायू भेदला जाईल इतके झाले की ठिणगी पडते. मात्र सिरॅमिकच्या टोकावर काजळीचा थर साचला असेल, तर कार्बन विद्युतवाहक असल्याने प्रवाहाला फटीऐवजी या थरावरून कवचाकडे गळून जाण्याची वाट मिळते. व्होल्टेज वर चढण्याआधीच ओसरते आणि ठिणगी एक तर पडत नाही किंवा दुबळी पडते. स्वच्छ प्लगच्या वरच्या टोकापासून कवचापर्यंतचा रोध कोट्यवधी ओहम इतका प्रचंड असतो, तर काजळलेल्या प्लगमध्ये तो काही लाख किंवा त्याहूनही खाली येतो. म्हणूनच फट अगदी बरोबर असलेला, दिसायला नवा वाटणारा प्लगही मिसिंग करू शकतो.

ही काजळी जाळून टाकण्याची सोय प्लगमध्ये असते. सिरॅमिकच्या टोकाचे तापमान सुमारे ४५० ते ५०० अंश सेल्सिअसच्या वर गेले की कार्बन आपोआप जळून जातो. उलट ते ८५० अंशांच्या आसपास किंवा पुढे गेले, तर तापलेले टोकच ठिणगीच्या आधी मिश्रण पेटवू लागते आणि पिस्टनला धोका उत्पन्न होतो. या दोन मर्यादांमध्ये प्लग राहावा म्हणून प्रत्येक इंजिनासाठी विशिष्ट उष्णता-श्रेणीचा प्लग ठरवलेला असतो: उष्णता लवकर सिलिंडर हेडकडे सोडणारा तो थंड प्लग आणि ती अधिक काळ धरून ठेवणारा तो गरम प्लग. येथे एक खरा सापळा आहे. एनजीकेच्या क्रमांकपद्धतीत श्रेणीचा आकडा जितका मोठा तितका प्लग थंड असतो, तर बॉशच्या पद्धतीत आकडा जितका मोठा तितका प्लग गरम असतो. त्यामुळे एका कंपनीचा प्लग काढून दुसरीचा ‘त्याच नंबरचा’ बसवणे सर्वथा चुकीचे ठरते. एनजीकेच्या सीपीआर८ईए-९ या क्रमांकाची फोड केली तर सी म्हणजे १० मिलिमीटर व्यासाची आटी, पी म्हणजे पुढे आलेले सिरॅमिक टोक, आर म्हणजे आत रोधक असलेला, ८ ही उष्णता-श्रेणी, ई म्हणजे १९ मिलिमीटर लांबीची आटी आणि शेवटचा ९ म्हणजे ०.९ मिलिमीटर फट, इतकी माहिती त्यात सामावलेली दिसते. दुकानात केवळ ‘अमुक गाडीचा प्लग’ असे न मागता वाहनाच्या पुस्तिकेतील पूर्ण क्रमांक सांगणे इष्ट.

प्लगचे वाचन

प्लग काढण्यापूर्वी इंजिन पूर्ण थंड होऊ द्यावे, कारण ॲल्युमिनियमच्या हेडमधील आटी गरम असताना प्लग ओढून काढल्यास खराब होण्याची भीती असते. प्लगभोवती साचलेली धूळ-माती आधी ब्रशने किंवा हवेच्या झोताने उडवून टाकावी, नाहीतर ती सरळ सिलिंडरमध्ये पडते. त्याहून महत्त्वाची अट अशी, की ज्या प्रकारच्या चालवण्यात मिसिंग जाणवते त्याच प्रकारे गाडी काही अंतर चालवून, मग ती बराच वेळ आयडलिंगवर न ठेवता बंद करून प्लग पाहावा. दहा मिनिटे आयडलवर सोडलेल्या कार्बोरेटरच्या गाडीचा प्लग चांगल्या इंजिनातही काळसर दिसतो आणि त्यावरून काढलेला निष्कर्ष दिशाभूल करतो.

निरोगी इंजिनाच्या प्लगचे सिरॅमिक टोक फिकट तपकिरी किंवा राखाडी दिसते. अनुभवी मेकॅनिक ‘कॉफीचा रंग’ शोधतात, पण ही अपेक्षा बऱ्याच अंशी जुन्या काळातील आहे. भारतात फेब्रुवारी २००० पासून सर्वत्र शिसेविरहित पेट्रोल आले आणि त्यानंतर फ्युएल इंजेक्शनने मिश्रण अधिक काटेकोर झाले, त्यामुळे आजच्या गाडीत जवळजवळ पांढरट टोक दिसणेही स्वाभाविक असू शकते. रंगाइतकेच लक्ष पृष्ठभागाच्या पोताकडे द्यावे. पांढरट पण गुळगुळीत टोक चिंतेचे नाही. पांढरे, फोड आलेले, चकाकणारे किंवा ॲल्युमिनियमचे बारीक ठिपके चिकटलेले टोक मात्र अतितापमान दाखवते, आणि तेथे मिसिंगचा विचार बाजूला ठेवून गाडी चालवणे थांबवावे व चुकीच्या श्रेणीचा प्लग, हवेची गळती, पातळ मिश्रण किंवा ठिणगीची चुकलेली वेळ यांचा शोध घ्यावा.

कोरडी, मऊ, बोटाला लागणारी काळी काजळी ही सर्वांत अधिक आढळणारी अवस्था. तिचा सरळ अर्थ असा, की हवेच्या प्रमाणात इंधन जास्त झाले आहे किंवा प्लग पुरेसा तापत नाही. एक भाग पेट्रोल पूर्ण जळण्यास वजनाने सुमारे १४.७ भाग हवा लागते. एअर फिल्टर धुळीने चोंदला, चोक अर्धवट ओढलेला राहिला, कार्बोरेटरमधील फ्लोटची पातळी वाढली किंवा पेट्रोलमध्ये रॉकेलची भेसळ असली की हा तोल बिघडून काजळी धरते. मराठवाड्यातील कच्च्या रस्त्यांवर रोज फिरणाऱ्या गाडीचा फिल्टर पुस्तिकेत दिलेल्या अंतराच्या कितीतरी आधी भरतो, हे लक्षात ठेवावे. दुसरे कारण चालवण्याच्या पद्धतीत असते. घरापासून दुकानापर्यंत किंवा शाळेपर्यंत एक-दोन किलोमीटर जाऊन बंद होणाऱ्या गाडीचे इंजिन कधीच पुरते तापत नाही, थंड इंजिनाला दाट मिश्रण मिळत राहते आणि प्लगचे टोक काजळी जाळण्याच्या तापमानाला पोहोचतच नाही. अशा गाडीत कोणताही यांत्रिक दोष नसतानाही प्लग काळा पडतो. आठवड्यातून एखाद्या वेळी मोकळ्या रस्त्यावर वीस-पंचवीस मिनिटे सलग, बेताच्या वेगात चालवणे हा त्यावरचा विनाखर्चाचा आणि बऱ्याचदा पुरेसा ठरणारा उपाय आहे. पातळ काजळी तेवढ्याने जळते. जाड थर मात्र तसा जात नाही.

प्लग पेट्रोलने ओला निघाला तर निदान बरेच सोपे होते, कारण इंधन सिलिंडरपर्यंत पोहोचते आहे पण पेटत नाही, एवढे तरी निश्चित कळते. पुष्कळदा सतत सेल्फ मारल्यामुळे किंवा चोक ओढून ठेवून वारंवार किक मारल्यामुळेच प्लग भिजलेला असतो. अशा वेळी प्लग काढून पुसून वाळवावा, इग्निशन बंद ठेवून थ्रॉटल पूर्ण उघडून काही किक माराव्यात, म्हणजे आतील पेट्रोलची वाफ बाहेर पडते, आणि मगच प्लग बसवावा. प्लग ओला होण्याचा प्रकार रोज सकाळी घडत असेल, तर दोष ठिणगीच्या बाजूला किंवा गळणाऱ्या फ्लोट व्हाल्वमध्ये शोधावा. उलट अनेक किक मारूनही प्लग कोरडा ठणठणीत निघाला, तर इग्निशनमागे वेळ न घालवता पेट्रोल येते आहे का ते पाहावे.

काळा, पण तेलकट व चमकदार थर पेट्रोलच्या ओलेपणापासून वेगळा ओळखता आला पाहिजे: पेट्रोल काही मिनिटांत उडून जाते, तेल तसेच राहते. चार-स्ट्रोक इंजिनात हे तेल एक तर झिजलेल्या पिस्टन रिंगांमधून खालून येते किंवा व्हाल्वच्या कडक झालेल्या सीलमधून वरून झिरपते. बराच वेळ बंद ठेवलेली गाडी सुरू करताच निळसर धुराचा एक लोट येऊन थांबत असेल, तर संशय व्हाल्व सीलवर जातो. गती देताना सतत निळा धूर येत असेल, तर रिंगांवर. कॉम्प्रेशन मोजून पाहावे आणि ते कमी भरल्यास प्लगच्या छिद्रातून चमचाभर इंजिन ऑइल घालून पुन्हा मोजावे. दुसऱ्या वेळी आकडा स्पष्ट वाढला तर रिंगा झिजल्या आहेत, न वाढला तर व्हाल्व नीट बसत नाहीत, असा अर्थ होतो. या अवस्थेत प्लग बदलणे हा उपाय नव्हे. इंजिनाचे काम टाळून गरम श्रेणीचा प्लग घालण्याची काही गॅरेजांतील युक्ती थोडे दिवस चालते, पण लांबच्या प्रवासात तोच प्लग अतितापून मोठे नुकसान करू शकतो. जुन्या दोन-स्ट्रोक स्कूटर ज्यांनी आजही जपल्या आहेत त्यांच्या बाबतीत तेल पेट्रोलबरोबरच जळत असल्याने थोडा तेलकटपणा गृहीतच धरलेला असतो. तेथे टू-टी ऑइलचे प्रमाण उत्पादकाने सांगितल्याहून जास्त होत नाही एवढे पाहावे, कारण त्या गाड्यांत कार्बनचा एखादा बारीक दुवा थेट फट जोडून प्लग पूर्ण मारून टाकतो.

प्लगचा बाहेरचा, सिलिंडरच्या वर राहणारा पांढरा भागही पाहिला पाहिजे, आणि नेमके तेथेच फार लोक फसतात. धातूच्या कवचाला लागून सिरॅमिकभोवती तपकिरी वलय दिसले की आतील वायू गळतो आहे असे समजून चांगला प्लग फेकला जातो. वास्तविक उच्च व्होल्टेजमुळे हवेतील तेलाचे सूक्ष्म कण तेथे आकर्षित होऊन तो डाग पडतो आणि त्याने ठिणगीला काहीही बाधा येत नाही. याउलट त्याच भागावर उभ्या, पेन्सिलीने ओढल्यासारख्या काळ्या रेषा दिसल्या, तर विद्युतप्रवाह बाहेरच्या बाजूने उडी मारून कवचाकडे जातो आहे हे सिद्ध होते. अशा वेळी प्लगबरोबर कॅपही बदलावी, कारण कॅपच्या आतील रबरावर तशीच जळकी वाट तयार झालेली असते आणि जुनी कॅप नव्या प्लगलाही तोच दोष लावते.

कॉइल, वायर आणि कॅप यांची परीक्षा

प्लग निर्दोष असूनही, किंवा नवा प्लग घालूनही मिसिंग राहिले, की मागील साखळीकडे वळावे. त्याआधी चालवताना दोषाचे रूप कसे आहे याकडे लक्ष दिले तर अर्धे काम होते. ठिणगी तुटल्याने येणारे मिसिंग तीक्ष्ण असते, जणू कोणी क्षणभर स्विच बंद करून पुन्हा चालू केला. पेट्रोल कमी पडल्याने येणारे मिसिंग हळूहळू येते, गाडी मंदावते, गुदमरते आणि थ्रॉटल कमी केल्यास किंवा चोक ओढल्यास थोडी सावरते. फक्त चढावर किंवा दोघे बसल्यावर झटके येत असतील, तर वाढलेली फट किंवा अशक्त कॉइल यांचा संशय घ्यावा, कारण भार वाढला की सिलिंडरमधील दाब वाढतो आणि दाबाखालील वायू भेदण्यास अधिक व्होल्टेज लागते. सीएनजीच्या मिश्रणालाही पेट्रोलपेक्षा अधिक व्होल्टेज लागते. म्हणून मुंबई-पुण्यातील रिक्षा आणि टॅक्सी पेट्रोलवर सुरळीत व गॅसवर मिसिंग करत असेल, तर गॅसच्या किटला हात लावण्याआधी प्लगची फट आणि कॉइल तपासणे शहाणपणाचे.

सर्वांना ठाऊक असलेली चाचणी म्हणजे प्लग कॅपमध्ये खोवून त्याचे कवच इंजिनाच्या उघड्या धातूला टेकवून किक मारणे आणि ठिणगी पाहणे. तिची मर्यादा वरील विवेचनावरूनच स्पष्ट होते: उघड्या हवेत पडलेली ठिणगी सिलिंडरमधील दाबाखाली पडेलच असे नाही. ठिणगी मुळीच न दिसणे हा पक्का पुरावा आहे, पण ती दिसणे हा निर्दोषत्वाचा पुरावा नाही. त्यासाठी फट कमी-जास्त करता येणारा स्पार्क टेस्टर मिळतो. उघड्या हवेत सुमारे ६ मिलिमीटरची फट ओलांडणारी, निळसर पांढरी, कडकडीत ठिणगी मिळाली तर कॉइल सशक्त मानण्यास हरकत नाही, आणि पिवळसर किंवा तांबूस, मधूनच चुकणारी ठिणगी दुबळेपणा दाखवते. ही चाचणी करताना प्लग किंवा टेस्टर सिलिंडरच्या उघड्या छिद्रापासून दूर धरावा, कारण तेथून पेट्रोलची वाफ बाहेर पडते व ती पेटू शकते. कॅप हातात धरून किक मारू नये. आणि कॅप लोंबकळत सोडूनही इंजिन फिरवू नये, कारण ठिणगीला वाट न मिळाल्यास कॉइल आणि सीडीआय यांच्यावर ताण येऊन ते निकामी होऊ शकतात.

पावसाळ्यातले मिसिंग हा कोकणात व घाटमाथ्यावर स्वतंत्र विषयच ठरावा. कोरड्या दिवशी ठीक चालणारी गाडी पाऊस लागताच झटके देते आणि इंजिनाच्या उष्णतेने पाणी वाळले की सुधारते, तेव्हा एचटी वायरच्या आवरणावरील बारीक भेगा किंवा कॅपचे सैल झालेले रबर हेच बहुधा कारण असते. रात्री अंधारात इंजिन चालू ठेवून वायर आणि कॅप यांवर फवाऱ्याने थोडे पाणी मारल्यास भेग असलेल्या जागी निळ्या ठिणग्या उडताना दिसतात. त्या वेळी कशालाही हात लावू नये. ज्या वाहनांत कॅप वायरवर पिळून बसवलेली असते, तेथे कॅप काढून वायरचे हिरवे पडलेले टोक सुमारे ५ मिलिमीटर कापले आणि कॅप पुन्हा घट्ट पिळली, तर कित्येक जुनाट तक्रारी तेथेच संपतात. कॅपमध्ये रेडिओ-हस्तक्षेप रोखण्यासाठी बहुधा ५,००० ओहमच्या आसपासचा रोधक असतो. मल्टिमीटर काही लाख ओहम किंवा अनंत दाखवत असेल, तर कॅप बाद समजावी.

कॉइलची तपासणी मल्टिमीटरने होते, पण तिच्या निष्कर्षावर पूर्ण विसंबू नये. प्राथमिक गुंडाळ्याचा रोध एखाद्या ओहमच्या आगेमागे आणि दुय्यमचा काही हजार ओहम असतो, नेमके आकडे सर्व्हिस मॅन्युअलमध्ये दिलेले असतात. मात्र वेढ्यांमधील इन्सुलेशन उच्च व्होल्टेजलाच फुटत असेल, तर मीटरच्या अल्प व्होल्टेजला ते दिसत नाही. त्याचप्रमाणे कॉइल आणि पिकअप कॉइल दोन्ही थंड असताना ठीक आणि तापल्यावर बिघडणाऱ्या असू शकतात: गाडी पंधरा-वीस किलोमीटर नीट जाते, मग झटके देऊन बंद पडते आणि अर्धा तास थांबल्यावर काहीच न झाल्यासारखी सुरू होते. अशी गाडी बंद पडलेल्या अवस्थेतच तपासली पाहिजे. थंड झाल्यावर गॅरेजमध्ये नेलेली गाडी नेहमी ‘ठीक’ असते. येथे एक साधी खात्री आधी करून घ्यावी. पेट्रोल टाकीच्या झाकणातील हवेचे छिद्र बुजले तर आत निर्वात होऊन पेट्रोल उतरणे थांबते आणि लक्षणे हुबेहूब हीच दिसतात, म्हणून गाडी बंद पडताच झाकण उघडून पाहावे. हवा आत शिरल्याचा आवाज येऊन गाडी लगेच सुरू झाली, तर कॉइल निर्दोष आहे.

बॅटरीवर चालणाऱ्या इग्निशनमध्ये बॅटरी उतरलेली असली, तर सेल्फ मारताना व्होल्टेज इतके खाली जाते की ठिणगीला पुरेशी ऊर्जा उरत नाही. किकने सुरू होणारी पण सेल्फने न होणारी गाडी हे त्याचे उदाहरण. हँडल वळवले की मिसिंग येत असेल, तर हेडलाइटमागील वायरिंगमध्ये तार घासून तुटत आली आहे असे समजावे. किल स्विच आणि साइड स्टँडचा स्विच यांत पाणी शिरूनही ठिणगी तुटते. हे तिन्ही दोष कोणताही महागडा भाग न घेता सुधारता येतात, म्हणून सीडीआय बदलण्याची वेळ सर्वांत शेवटी यावी.

बजाजच्या पल्सरमध्ये २००३ साली आलेल्या डीटीएस-आय तंत्रात एका सिलिंडरला दोन प्लग दिलेले आहेत आणि त्यामुळे निदानात एक विशेष अडचण येते: एक प्लग पूर्ण मेला तरी दुसऱ्याच्या जोरावर इंजिन चालत राहते, झटके फारसे जाणवत नाहीत, फक्त ताकद आणि एव्हरेज कमी होते. अशा गाडीत इंजिन बंद करून एका बाजूची कॅप काढावी, ती कवच इंजिनाला टेकवलेल्या जादा प्लगवर लावावी आणि मग गाडी सुरू करावी, हीच क्रिया दुसऱ्या बाजूलाही करावी. ज्या वेळी इंजिन सुरूच होत नाही, त्या वेळी जागेवर राहिलेली बाजू सदोष असते.

मोटारींमध्ये हे काम ईसीयू या इंजिनाच्या संगणकाने बरेच हलके केले आहे. क्रँकशाफ्टच्या गतीतील सूक्ष्म चढउतारांवरून मिसफायर ओळखून ईसीयू तो संकेतांकाने नोंदवतो. पी०३०० म्हणजे अनियमित मिसफायर, पी०३०१ म्हणजे पहिल्या सिलिंडरमधील, पी०३०२ दुसऱ्यामधील, असा त्यांचा क्रम आहे. संकेतांक सिलिंडर सांगतो, कारण सांगत नाही. प्रत्येक प्लगवर स्वतंत्र कॉइल असलेल्या गाडीत सदोष सिलिंडरची कॉइल शेजारच्या सिलिंडरवर लावून पाहावी. दोष कॉइलबरोबर सरकला तर कॉइल खराब, तेथेच राहिला तर त्याच रीतीने प्लग सरकवून पाहावा आणि तरीही न सरकल्यास इंजेक्टर व कॉम्प्रेशन यांच्याकडे जावे. चेक इंजिनचा दिवा लुकलुकत असेल, तर मात्र या प्रयोगांसाठीही गाडी पुढे नेऊ नये, कारण न जळलेले पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन जळते आणि तो अतितापून वितळू शकतो. याशिवाय मिसफायरमध्ये न वापरला गेलेला प्राणवायू ऑक्सिजन सेन्सरला जाणवतो, त्याला मिश्रण पातळ झाल्यासारखे वाटते, ईसीयू इंधन वाढवतो आणि त्या जादा इंधनाने उरलेले प्लगही काळे पडू लागतात. एका अशक्त कॉइलमुळे चारही प्लग खराब होण्यामागे हे चक्र असू शकते.

साफसफाई आणि बसवणी

साधा निकेलचा प्लग मऊ ब्रशने व प्लग क्लीनरने स्वच्छ करून पुन्हा वापरता येतो, परंतु पितळी किंवा लोखंडी ब्रश सिरॅमिकवर घासू नये, कारण धातूचे ओरखडे स्वतःच विद्युतवाहक होतात आणि ज्या गळतीसाठी प्लग काढला तीच नव्याने निर्माण होते. वाळूच्या झोताने साफ करणाऱ्या यंत्राचा वापर केल्यास कवचात अडकलेला एकेक कण झटकून काढावा. इरिडियम प्लगचे टोक सुईसारखे बारीक व ठिसूळ असते. ते घासू नये आणि त्याची फटही शक्यतो बदलू नये. निकेल प्लगची फट फिलर गेजने मोजून पुस्तिकेप्रमाणे ठेवावी, बहुतेक दुचाकींत ती ०.६ ते ०.९ मिलिमीटर असते, आणि ती बदलताना फक्त बाहेरचा इलेक्ट्रोड वाकवावा.

प्लग बसवताना पाना वापरण्याआधी तो बोटांनी शेवटपर्यंत फिरवत न्यावा. मध्येच अडला तर जोर न लावता उलटा फिरवून पुन्हा सुरुवात करावी. वॉशर असलेला नवा प्लग हेडला टेकल्यावर पान्याने साधारण अर्धा फेरा आवळावा, वापरलेला प्लग मात्र फेऱ्याच्या बाराव्या भागाइतकाच. सैल प्लग उष्णता हेडकडे सोडू शकत नाही व तापतो, अति आवळलेला आटी मारतो, आणि आटी गेलेल्या हेडच्या दुरुस्तीचा खर्च कित्येक प्लगांच्या किमतीहून मोठा असतो. रोधक असलेला प्लग सांगितलेल्या गाडीत बिनरोधकाचा बसवू नये. त्याच्या विद्युत गोंधळाने इंजेक्शनच्या गाडीतील ईसीयूच्या कामात व्यत्यय येऊ शकतो. नामांकित कंपन्यांच्या नावाचे बनावट प्लगही बाजारात विकले जातात, तेव्हा खरेदी अधिकृत विक्रेत्याकडूनच करावी आणि बिल घ्यावे.

एका वेळी एकच भाग बदलून गाडी चालवून पाहावी, नाहीतर दोष कशाने गेला हे कधीच कळत नाही. बदललेल्या प्लगची तारीख, किलोमीटर आणि जुन्याचा रंग सर्व्हिस पुस्तिकेत लिहून ठेवावा; नवा प्लग काहीशे किलोमीटरांतच पुन्हा काळा पडला, तर तिसरा विकत घेण्याऐवजी फिल्टर, मिश्रण, तेल आणि कॉइल यांची तपासणी या क्रमाने करून घ्यावी. आणि प्लग गॅरेजमध्ये बदलला जाणार असेल, तर काढलेला जुना प्लग प्रत्येक वाहनधारकाने आठवणीने मागून घ्यावा व उजेडात धरून स्वतः पाहावा.